बोटांवरचा रुमाल

ओदीलने नवऱ्याचा उजवा हात उचलून कोटाच्या बाहीत घातला आणि त्याच्या हनुवटीवर राहिलेला साबण अंगठ्याने पुसला.

"एवढा नटतोयस, लग्नबिग्न आहे की काय तुझं?"

"पुढची खुर्ची मिळायला हवी," थिओफिल म्हणाला. "बोटं दिसली पाहिजेत."

हिवाळ्यात झटका आला तेव्हा हा हात पार गेला होता. उन्हाळ्यात परत आला, पण सेलेस्तची चाल विसरून आला. सेलेस्त त्यांची पोर; तिच्या शवपेटीमागून चालताना थिओफिलला सुचलेली चाल ती. दर वर्षी सर्व संतांच्या दिवशी, गाव आपापल्या मृतांची थडगी रंगवतं तेव्हा, तिच्या थडग्याला चुना लावून झाला, की तो तिथे उभा राहून ती कॉर्नेटवर, त्या तीन कळांच्या छोट्या तुतारीवर, वाजवायचा. आता तो दिवस परवावर आला होता. कानात सूर लख्ख होते, बोटं मात्र भलतीकडेच पडत. त्याच्या शिष्याने, व्हाल्मोरने, काढलेली त्या चालीची तबकडी त्याने झिजेपर्यंत ऐकली. पण तबकडीत मेली बोटं कुठे दिसतात?

थिओफिलच्या पिढीचे वादक बोटांवर रुमाल टाकूनच वाजवत, कुणी चाल उचलू नये म्हणून. त्यानेही जन्मभर टाकला. एकदाच काढला, ही चाल शिकवताना, स्वतःच्या स्वयंपाकघरात, ओदीलच्या हातचा राजमा-भात चापणाऱ्या व्हाल्मोरसाठी. त्या चालीवर व्हाल्मोर शिकागोला गेला, मग लंडनला, मग पॅरिसला. तबकडीवर नाव एकट्या व्हाल्मोरचं होतं. आज तो गावच्या सभागृहात वाजवणार होता.

सभागृहाच्या दारातच व्हाल्मोरने त्याला मिठी मारली. कोटाला भारी अत्तराचा वास येत होता.

"काका! मला वाटलं, गेलात की काय!"

"निघालो होतो. हिने सोडलं नाही."

"पॅरिसमध्ये बायका ढसाढसा रडतात हो तुमच्या चालीवर."

"काकांची आहे म्हणून सांगतोस का रे त्यांना?" ओदीलने विचारलं.

व्हाल्मोर नुसता हसला. थिओफिलने घाईघाईने त्याची बाही धरली.

"ते जाऊ दे. हाताने दगा दिलाय रे मला. आज तेवढी बोटं बघू दे. परवा पोरीपुढे वाजवायचंय."

"एवढंच ना? बसा पुढे. इथून थेट स्टेशन गाठायचंय, नाहीतर घरीच आलो असतो."

दोघं अगदी पुढे बसली. त्याच रांगेत गावातले चार-पाच तरुण कॉर्नेटवाले मान पुढे काढून बसले होते. थिओफिलने चष्मा पुसला. ओदीलला त्याचा श्वास ऐकू येत होता.

शेवटी ती चाल आली. व्हाल्मोरने कॉर्नेट ओठाला लावलं, पुढच्या रांगेवरून नजर फिरवली. ती थिओफिलवर क्षणभर थांबली. मग त्याने खिशातून पांढरा रेशमी रुमाल काढला आणि बोटांवर टाकला.

"घ्या!" ओदील पुटपुटली. "गुरूची विद्या गुरूलाच फळली."

"मीच सांगितलं होतं त्याला," थिओफिल म्हणाला. "कुणालाही दाखवू नकोस म्हणून."

चाल संपली तसं सभागृह उठून उभं राहिलं. थिओफिल तेवढा बसून होता. मांडीवर त्याची तीन बोटं दाबत होती, चुकत होती, पुन्हा दाबत होती. लोक वळून बघायला लागले.

ओदीलने पर्समधून आपला रुमाल काढला आणि त्याच्या हातावर पसरला.