पाच माणसं कमी

"हात सैल सोड गं बाई, घट्ट धरलास की जास्त दुखतं." सायकलवरून येणाऱ्या जुन्या नर्सबाईंचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. तेव्हा सुई माणसाच्या दारी यायची. गोठ्यात, बांधावर, जिथं लेकरू सापडेल तिथं. आता माणसानं सुईच्या दारी जायचं आणि वाट बघत बसायचं.

त्या गुरुवारी आम्ही तिघी सकाळपासून सरकारी दवाखान्याच्या बाकावर होतो. माझी थोरली जाऊ, तिची लेक आणि मी. लेकीला समुद्रापलीकडं मोठ्या गोठ्यावर काम लागलं होतं, सातशे गाईंच्या. पिवळ्या तापाची सुई घेऊन दहा दिवस झाल्याशिवाय तो देश आत घेत नव्हता, आणि विमानाला उरले होते अकरा दिवस.

सिस्टरनं कुपी दाखवली. "यात दहा जणांची लस आहे. एकदा फोडली की संध्याकाळपर्यंत संपवायची, नाहीतर ओतून द्यायची. निदान आठ जण जमल्याशिवाय मला फोडता येत नाही. आलेत तिघं. ही, हा ट्रकवाला आणि तो गवंडी."

"मग मला टोचा," जाऊ पदर सारून म्हणाली. "हिच्या काकीलाही टोचा. झाले पाच."

"मावशी, तुम्ही कुठं निघालात परदेशी?"

"मी? मी गोठ्यापर्यंत."

गवंडी हसला. सिस्टरही हसली, पण कुपी परत थंड पेटीत गेली.

पलीकडच्या टेबलावर तान्ह्यांच्या नेहमीच्या सुया चालल्या होत्या. एकेक लेकरू टाहो फोडायचं, आईच्या खांद्यावर निजायचं, घरी जायचं. ऊन फरशीवरून सरकत दारापर्यंत गेलं. बाहेर वारा सुटला, नांगरटीची तांबडी माती उडून बाकावर बसली. ट्रकवाला कंटाळून निघून गेला. पाच कमी होते, ते सहा झाले.

चार वाजता सिस्टरनं वही मिटली. "पुढच्या गुरुवारी या."

"पुढच्या गुरुवारी घेऊन काय करू?" लेक ताडकन उठली. "माझे दहा दिवस भरायच्या आत विमान गेलेलं असेल. माझ्या जागी तिथं दुसरी उभी राहील. मागच्या गुरुवारी का नाही बोलावलंत?"

"बोलावलं होतं की! नऊ जण होते त्या दिवशी. आदल्या दिवशी मीच फोन लावला. बाईमाणसानं उचलला, सांगते म्हणाली."

आमच्या घरात फोन एकच, आणि तो उचलायला धावणारी मी. लेक माझ्याकडं वळली.

"काकी, तू विसरलीस?"

मी आठवून बघितलं. काही केल्या आठवेना. विसरभोळी म्हणून घरभर माझंच नाव. "असेन गं, पोरी..."

ती परत खाली बसली आणि कागदांच्या पिशवीचा कोपरा दुमडत राहिली, उलगडत राहिली.

जाऊनं माझ्या हातावर हात ठेवला. तिचा हात गारठलेला होता. मग ती लेकीकडं वळली.

"तिला नको बोलूस. फोन मी घेतला होता. तू धार काढत होतीस. सांगायला गोठ्याच्या दारापर्यंत आले, तर तू वासराशी बोलत होतीस, तशीच मागं फिरले. म्हटलं, एक गुरुवार चुकला तर एक आठवडा अजून घरात राहशील. एवढंच वाटलं गं मला. विमान कुणासाठी थांबत नाही, हे मला कुठं माहीत?"