दारातलं हसू

मास्तरांच्या अभिनयाच्या वर्गात एक रीत होती. ज्या सिनेमाला साऱ्या जगाने डोक्यावर घेतलंय, त्यातला एक प्रसंग आधी आवाज बंद करून बघायचा आणि मग दोन गट करून कडाकडा भांडायचं. हे कौतुक खरंच लायकीचं आहे, की नुसताच गाजावाजा? शेवटी मास्तर निकाल देत, आणि तो बहुधा गाजावाजाचाच असे. भल्याभल्या नटांची सालटी त्यांनी या खोलीत काढली होती. बाहेर लोक त्यांना कुजकट म्हातारा म्हणत. ते कानावर आलं की मास्तरांना आतून गुदगुल्या होत.

आज मात्र त्यांची पंचाईत झाली होती. विद्यार्थ्यांनी निवडलेला सिनेमा त्यांच्या लेकीचा होता. वर्षभरातली झाडून सगळी बक्षिसं तिने पटकावली होती आणि बापाने अजून चकार शब्द काढला नव्हता. फोनवर ती विचारी, "बाबा, बघितलात?" मास्तर म्हणत, "बघितला," आणि लगेच जेवलीस का, झोप होते का, यावर घसरत. आज ती न सांगता आली होती आणि थेट मागच्या बाकावर जाऊन बसली होती. कशासाठी आली ते तिच्या चेहऱ्यावरच लिहिलेलं होतं.

"सर, दुसरा एखादा घेऊ या का?" बँकेची नोकरी सांभाळून वर्गाला येणाऱ्या विद्यार्थ्याने हळूच विचारलं.

"का? माझी मुलगी आहे म्हणून? लाव मुकाट्याने."

पडद्यावर दवाखान्यातला लांब बोळ आला. डॉक्टरांच्या खोलीतून एक बाई बाहेर पडते. नवऱ्याचा आजार बरा होणारा नाही, हे तिला आत्ताच कळलंय. त्याच्या खोलीच्या दाराशी ती थांबते, केस सारखे करते, चेहऱ्यावर हसू चढवते आणि मग दार ढकलते. आत गेल्यावर पडदा सारखा करते, भरलेल्या पेल्यात पुन्हा पाणी ओतते. याच हसण्यावर लोकांनी रकानेच्या रकाने भरले होते.

दिवे लागले. बँकवाला उभा राहिला. "सर, ती नटी नाहीये. ती साधी बाई आहे. तिला खोटं बोलता येत नाही, तरी ती बोलते. म्हणून तर आपल्या पोटात तुटतं!"

"आपल्या पोटात तुटतं, ते ठीक," वकिली करणारी एक विद्यार्थिनी समोरून म्हणाली, "पण मग त्या नवऱ्याला कसं कळत नाही? तो काय आंधळा आहे? सिनेमा संपेपर्यंत तो बिचारा बरं व्हायची वाट बघतो. पटत नाही."

वर्गात दोन तट पडले. आवाज चढले, एकाने बाक आपटला. लेक हाताची घडी घालून ऐकत होती. मास्तर तिच्याकडे न बघण्याचा आटोकाट प्रयत्न करत होते.

खरं तर त्यांचं मत पहिल्याच दिवशी ठरलं होतं, आणि त्याला कारण होतं. बायको आजारी पडली तेव्हा डॉक्टरांनी बाहेर बोलावून सगळं सांगितलं होतं आणि मास्तरांनी तिला शेवटपर्यंत काही म्हणजे काही कळू दिलं नव्हतं. रोज हसत खोलीत शिरायचं, थट्टा करायची, पुढचे बेत आखायचे. ती निवांत गेली, आशेवर गेली. आयुष्यातली एवढी एकच भूमिका त्यांना मनापासून अभिमानाची वाटे. कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या आणि त्यांना त्या नकोच होत्या. झोप न लागणाऱ्या रात्री तेवढाच एक आधार होता, की निदान ते तरी आपण तिच्यासाठी नीट केलं.

"निकाल, सर," वकीलबाई म्हणाली.

मास्तर उठले. आता माघार घेतली तर आजवर ज्यांची पिसं काढली त्या सगळ्यांशी बेइमानी झाली असती. "गाजावाजा," ते म्हणाले. "हसू दाराबाहेरच चढवलंय आणि आत ते नुसतं वाहून नेलंय. हातांना घाई झालीय. भरलेल्या पेल्यात पाणी ओततं का कुणी? या बाईचं खोटं त्या माणसाने पहिल्याच संध्याकाळी ओळखलं असतं. असं हसणारं माणूस मी उभ्या जन्मात पाहिलं नाही."

लेकीचा चेहरा उतरला, पण ती म्हणाली एवढंच, "मी पाहिलंय."

"कुठे?"

"घरी सांगते."

"इथे घरचं-दारचं नसतं. वर्गात बोललीस, तर वर्गात उत्तर दे. कुठे पाहिलंस?"

"नका ना विचारू, सर," लेक म्हणाली.

"सांग म्हणतो ना!"

ती उभी राहिली. "आईच्या खोलीच्या दारात, बाबा. तुम्ही असेच थांबायचात. असेच केस सारखे करायचात. भरलेल्या पेल्यात पाणीसुद्धा तुम्हीच ओतायचात. मी बोळातल्या बाकावर बसून रोज बघत होते. मी त्यात माझं काहीच घातलं नाही."

आत्ताच दिलेला निकाल मास्तरांना त्यांचा त्यांनाच ऐकू येत होता. "पण तिला कळलं नव्हतं," ते घाईघाईने म्हणाले.

लेकीने नजर खाली वळवली.

"कळलं नव्हतं ना गं?"

"पहिल्याच संध्याकाळी कळलं होतं. तुम्ही औषधं आणायला खाली गेलात, तेव्हा मला जवळ बोलावून म्हणाली, यांना सांगू नकोस हं. एवढा जीव तोडून करतायत, करू देत."

"खोटं आहे!" मास्तर ओरडले. "अगं, जायच्या आधी तिने मला चपला आणायला लावल्या. बरी झाल्यावर समुद्रावर जायचंय म्हणून. कळलेलं माणूस चपला मागवतं का? मी आणल्या. तिने पलंगावर बसून पायात घालून बघितल्या. अंगठ्याला लागतात म्हणाली. जाऊन बदलून आणा म्हणाली..."

बोलता बोलता ते थांबले. बदलून आणायला लावल्या. आशेवर असलेलं माणूस जे करील, तेवढंच आणि तसंच, हाताची जराही घाई न करता. मास्तर विद्यार्थ्यांच्या पहिल्या बाकावर मटकन बसले. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या कामातली खोट काढली होती, आणि घरात बायको महिनोन् महिने त्यांच्यासमोर काम करत होती.

लेक धावत पुढे आली, त्यांच्या शेजारी बसली. "बाबा, चुकलं माझं. मी बोलायला नको होतं."

मास्तरांनी मान हलवली. ते रडत होते आणि ते लपवायची त्यांना आता गरज वाटत नव्हती.

"मी बदलून आणल्या गं," ते म्हणाले. "धावत गेलो. मला एकदासुद्धा शंका आली नाही."