मरळीची गाभोळी

चांदबीच्या हाताला चव होती आणि जिभेला धार. पण लेक कमरजहाँ बाळंतपणाला जुन्नरला आली, तशी ती धार निम्मी बोथटली. प्लेगच्या साली लेकीचं पहिलं मूल जन्मताच गेलं होतं. यंदा तिनं काही मागावं आणि आईनं नाही म्हणावं, हे होणंच नव्हतं. आणि बाईसाहेबांनी मागितलं काय, तर मरळ माशाची गाभोळी, त्याच्या पोटातली अंडी. तीही तव्यावर नुसती हलवलेली, मऊ.

सकाळी बहिरू भोयानं कुकडीच्या आटत्या डोहातल्या दोन मरळी आणून दिल्या. पहिली चिरली, तर पिवळे दाणे पोटात थोडे आणि मांसातच जास्त. गाभोळी फुटून पसरली असेल, असं म्हणत चांदबीनं ते वेचले, तव्यावर हलवले आणि लेकीपुढे ठेवले. लेकीनं बशी पुसून खाल्ली.

दुपारी चांदबीनं दुसरी मरळ चिरायला घेतली. एक दाणा बोटाखाली फुटला. आतून पिवळा किडा निघाला आणि परातीत वळवळला.

म्हणजे सकाळी चांदबीनं लेकीला वाढले, तेही हेच. तशीच पदर खोचून ती नदीवर गेली.

"आटल्या पाण्यात व्हत्यातच किडं," बहिरू जाळं झटकत म्हणाला. "आमी काढून टाकतो."

"आन् कुणी खाल्लं तर?"

"नीट भाजलं तर मरत्यात की."

"न्हाई भाजलं तर? पोटुशीनं खाल्लं तर?"

बहिरूचे हात थांबले. "ते मला ठावं न्हाई, भाबी."

वाटभर ती स्वतःलाच शिव्या घालत होती. लेकीला सांगावं, तर ती धसक्यानंच अंथरूण धरणार. न सांगावं, तर? घरी येऊन ती नुसती आत-बाहेर करत राहिली. कमरजहाँ पोटावर हात ठेवून निवांत झोपली होती, आणि ते बघवत नव्हतं.

शेवटी चांदबीनं चूल पेटवली. दुसऱ्या मरळीतले सगळे दाणे वेचले, सकाळइतकेच तव्यावर हलवले आणि खायला बसली. काय त्रास व्हायचा तो आपल्यालाही होऊ दे, म्हणजे कळेल तरी. हकिमाचं औषधही आधी आपल्यावरच करून बघता येईल. घास वर येत होता आणि ती तो पाण्यानं खाली ढकलत होती.

"अम्मा!" कमरजहाँ दारात उभी होती. तिचे डोळे भरून आले. "माझ्यासाठी आणलेली गाभोळी... एकटीनंच खाल्लीस?"

चांदबीनं बशीतला शेवटचा दाणा उचलून तोंडात टाकला.

"व्हय," ती म्हणाली. "लई भूक लागली व्हती."