जयाबाईला ओळखणारा नगारा

नगारा वाजला आणि गाव देवीच्या देवळाकडे धावलं. दणादण ढोल, वर घंटा, झांजा, आणि वाजवणारा कुणीच नाही! गाव निपाणीच्या जवळचं. नाव सांगत नाही, एकाच गावाला शरम कशाला?

नगारा विजेवरचा. आधी बटण दाबलं की आरतीला वाजायचा. नादबाबा नावाचे बुवा गावात आले आणि तो बटणाशिवाय वाजू लागला. बाबांनी डोळे मिटून "आई, बोल!" म्हणायचं, की सुरू. एक हात कायम कफनीच्या खिशात. त्या खिशात काय आहे, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. शिकलेलेही हात जोडून उभे होते, याची मला जास्त चीड येते.

पुढे नगारा बाबांनी न बोलावताही वाजायला लागला, रोज दिवेलागणीला. पहिल्यांदा बाबाच दचकले, पण लगेच सावरले. "आई कुणाला तरी ओळखते आहे, बच्चा. या वेळी देवळासमोरून कोण जातं, बघा." मग आत जाऊन ते आईला शांत करायचे. मेन स्विच आतच होता.

समोरून जात होती जयाबाई. विधवा, मळ्यात भाजी पिकवणारी. बाकीचे विहिरीवरच्या मोटारी बंद करून मोटारसायकलीवर सडकेने घरी जात. ती चालत, देवळावरून. झालं! त्या आठवड्यात गावात एक म्हैस मेली होती, एका पोराला ताप होता. जयाबाई चेटकीण ठरली.

त्या रविवारी माणसं काठ्या घेऊनच बसली होती. जयाबाई आली, नगारा दणाणला आणि मोटारी बंद करून मोटारसायकलीवर आलेल्या तिच्या पुतण्याने, परशरामने पहिली काठी घातली. मनगटाचं हाड मोडलं. ती पडली तशा लाथा बसू लागल्या. कुणीतरी केस धरून तिचं डोकं पायरीवर आपटलं. कपाळ फुटलं, दात तुटून फरशीवर पडले, लुगडं रक्ताने भिजलं.

"कबूल कर, चेटकिणी! आई शांत होईल!" बाबा ओरडत होते.

"परशा, मी काय केलंय रं? तुला ह्याच हातांनी वाढवलंय की..."

"गप! तू माझी काकी न्हाईस!"

तेवढ्यात ज्योत्स्ना गर्दीत घुसली. भीमरत्न मास्तरांची लेक, उद्यमबागेतल्या कारखान्यात मशीनचे कंट्रोल बोर्ड बनवणारी इंजिनिअर. दुपारीच तिने नगाऱ्यामागची पेटी उघडून पाहिली होती. पंचांना सांगायला गेली, तर "आरती झाल्यावर बघू" म्हणाले होते. आता ती जयाबाईच्या अंगावर आडवी पडली. एक काठी तिच्याही खांद्यावर बसली.

"थांबा! जयाक्काला बघून वाजतोय म्हणता न्हवं? मग ती हितं हाय तवर वाजायलाच पाहिजे. व्हय का न्हाय?"

"व्हय!"

"परशाअण्णा, पळ. विहिरीवरच्या सगळ्या मोटारी चालू कर."

परशराम गेला. मोटारी घरघरल्या आणि नगारा मध्येच गप्प झाला. "बंद कर!" ज्योत्स्ना फोनवर ओरडली. नगारा पुन्हा दणाणला. चालू केल्या, गप्प. बंद केल्या, दणदण. जयाबाई जागची हलली नव्हती.

ज्योत्स्नाने पेटीचं झाकण उघडलं. "हा जुना बोर्ड. ह्याला पाच व्होल्ट मिळाले की गप्प बसतोय, शून्य मिळालं की वाजवतोय. हा नवा बोर्ड बाबांनी चोरून बसवलाय, खिशातल्या मोबाईलवरनं वाजवायला. त्यो देतोय सव्वातीनच. दोघांच्या मधी सव्वातीनाचे पाच करणारा एक छोटा तुकडा लागतोय. त्यो बसवलाच न्हाय. वर दोन्ही बोर्डांना वीज देणारा चार्जर हलक्यातला. मोटारी चालू असल्या की लाईन दबती, चार्जर बी खाली येतोय, तवा सव्वातीनात कसंबसं भागतंय. मोटारी बंद झाल्या की लाईन चढती, चार्जर पाचाच्या वर जातोय, जुना बोर्ड त्याच मापानं मोजतोय, आणि त्याला सव्वातीन म्हंजे शून्यच वाटतंय. मग वाजवतोय!"

तिने दोन बोर्डांमधली वायर उपटली आणि जुन्या बोर्डाला चार्जरचा पुरा व्होल्टेज जोडला. नगारा थांबला. कुणीतरी बाबांच्या कफनीत हात घालून मोबाईल काढला. पडद्यावर 'नगारा' नावाचं बटण होतं.

"हाणा ह्याला!" त्याच काठ्या बाबांवर उठल्या.

"काठ्या खाली!" ज्योत्स्ना किंचाळली. "मघाशी विचार न करता हाणलंत, आता परत त्येच? पोलिसांना फोन केलाय मी. आधी जयाक्काला दवाखान्यात न्यायला गाडी आणा!"

परशराम विहिरीवरून धापा टाकत आला. जयाबाईने एक डोळा कसाबसा उघडला.

"परशा, रोज सांजच्याला मोटर कोण बंद करतंय रं?"

तो तिच्याजवळ खाली बसला. "मीच की, काकी."

जयाबाई वाचली. मनगट वाकडंच जुळलं, एका कानाने ऐकू येत नाही. बाबा कोठडीत गेला, त्याच्यामागे परशराम आणि काठ्या चालवणारेही गेले. ते झालं ते बरंच झालं, पण तिचा कान काही परत येत नाही.

असा नगारा उद्या तुमच्याही गावात वाजेल. हात जोडण्याआधी त्याची पेटी उघडून बघा. स्वतःला कळत नसेल तर कळणाऱ्याला बोलवा, आणि तो येईपर्यंत काठीला हात लावू नका.