खांद्याचे मानकरी

चित्रकार टॅमसिनने क्रेनचा पाळणा जमिनीला टेकवला, रंगाने माखलेले हातमोजे कुंपणावर टाकले आणि म्हणाली,

"आज आकडा लागेल मला, लायल. उद्या क्रेन परत जाणार."

लायल हिबर्डने मान वर केली. नॅरिगल गावाच्या रुळांशेजारी गहू साठवायचे दोन उंच सायलो उभे होते आणि त्यातल्या एकावर, पायथ्यापासून पार कडेपर्यंत, तो स्वतःच होता. ऐन विशीतला. हात आभाळात, बोटांत चेंडू, गुडघा खालच्या गड्याच्या पाठीत रोवलेला. डोक्यावर केसांचं रान. मांड्या तर पोरीने अशा काढल्या होत्या, की त्याची बायको ग्लेनिस पहिल्या दिवशी बघून म्हणाली, लग्नात एवढा ऐवज मिळाल्याचं तिला काही आठवत नाही.

सगळं झालं होतं. राहिली होती फक्त खालच्या गड्याची पाठ. जर्सीचे निळे-पांढरे पट्टे होते, पण पट्ट्यांवरचा आकडा नव्हता. मूळ फोटोत तो लायलच्या गुडघ्याआड गेला होता, चेहरा कोपराआड. फोटो पबच्या भिंतीवर एवढीशी चौकट होता तोवर कुणाचं काही अडलं नाही. सायलोवर मात्र ती कोरी पाठ एखाद्या दाराएवढी दिसत होती, आणि ते दार नेमकं लायलच्या समोर उघडलं होतं.

"दुपारी सांगतो," तो म्हणाला.

"काल पण तुम्ही हेच म्हणालात."

म्हणाला होता खरा. परवाही म्हणाला होता. खरी गोष्ट अशी होती, की आपण कुणाच्या खांद्यावर चढलो होतो हे लायलला ठाऊक नव्हतं. तेव्हाही नव्हतं आणि पन्नास वर्षांत कधी कळलंही नाही. पण हे कबूल करायची सोय त्याने स्वतःच्याच हाताने घालवली होती.

झालं होतं असं. शेजारच्या टलिबकविरुद्धचा फुटबॉलचा तो अंतिम सामना, शेवटची काही मिनिटं, आणि चेंडू असा उंच आला की सगळ्या मैदानाने मान वर केली. इकडचे तिकडचे पाच-सहा जण त्याखाली गोळा झाले. लायल मागून धावत आला आणि समोरच्या टलिबकवाल्याच्या पाठीवर चढून वर गेला. वर म्हणजे किती वर, ते ज्याने अनुभवलं त्यालाच कळतं. तिथे आवाज नव्हता. गार वारा होता, मैदानाच्या कडेला लावलेल्या मोटारींची टपं दिसत होती, आणि चेंडू आपल्या पायांनी चालत आल्यासारखा हातात आला. मग सगळे एकमेकांवर कोसळले आणि सगळ्या मोटारींचे भोंगे एकदम वाजायला लागले. त्यानंतर त्याने मारलेली किक गोलच्या खांबाला लागली आणि नॅरिगल हरलं. पण ते फोटोत येत नाही, म्हणून कुणी काढतही नाही.

त्या एका झेपेवर त्याला मेलबर्नचं बोलावणं आलं. तिथे तो काही हिवाळे खेळला. लाख माणसांपुढे उडाला, च्युइंगगमच्या पाकिटातल्या चित्रांवर झळकला, कोपऱ्यावरचा खाटीक त्याच्याकडून मटणाचे पैसे घेईना. मग गुडघा गेला आणि तो घरी येऊन गहू पेरायला लागला. लोकांना वाटायचं, केवढं दुःख झालं असेल बिचाऱ्याला. कसलं दुःख अन् काय! तो ट्रॅक्टरवर बसून एकटाच हसायचा. माणसाला एकदा तरी असं वर जायला मिळावं, आणि त्याला तर कितीदा मिळालं होतं. आजही कुणी ती गोष्ट काढली की त्याला आभाळ ठेंगणं व्हायचं.

आता ऑस्ट्रेलियातल्या या फुटबॉलमध्ये चेंडू हातानेही झेलतात, आणि ज्याच्या खांद्यावर चढून झेल घेतला, त्याला शिडी म्हणतात. शिडी होण्यात कमीपणा नाही. उडणारा नावाजला की शिडीचीही पत वाढते. माणूस नातवंडांना सांगतो, तो लायल हिबर्ड ना, त्याचे बूट या इथे लागलेत, हात लावून बघ. त्यामुळे लायल मेलबर्नला गाजला तसे टलिबकमधले खांदे दुखायला लागले.

पहिला आला डार्सी मल्क्विन. एका लग्नात, दोन ग्लास पोटात गेल्यावर, लायलला बाजूला घेऊन म्हणाला, "तो मीच होतो ना रे?" आणि असा काही बघायला लागला, की नाही म्हणायला लायलची जीभ रेटेना. तो म्हणाला, "मग दुसरं कोण असणार?" डार्सीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्या रात्रीपासून दोघांची जी गट्टी जमली ती आजतागायत.

दुसरा क्लेम रीथस. तो बोलायचाच मुळी वर्षातून चार वाक्यं. चहाच्या रांगेत उभा असताना त्याने त्यातलं एक खर्च केलं. दुष्काळाचं साल होतं, क्लेमने मेंढ्या विकल्या होत्या, आणि लायलला वाटलं, जाऊ दे, एवढं तरी मिळू दे याला. तोही झाला शिडी.

तिसरा एर्नी पोल्नर. त्याने गेल्या वर्षी विचारलं, शेवटच्या दुखण्यात, अंथरुणातून. तिथे तर प्रश्नच नव्हता.

प्रत्येकाला लायलने बजावलं होतं, की बाबा, हे आपल्यातच ठेव, बाकीच्यांना उगाच वाईट वाटेल. आणि ते तोंडाला कुलूप लावून बसलेही असते. पण गावाला सायलो रंगवायची हुक्की आली. दोन्ही गावांत पोरं पुरेनात म्हणून संघ आता एक झालेत. तेव्हा चित्रही असं हवं होतं की दोघांना आपलं वाटेल. मग काय, डार्सीचा फोन आला: त्या पोरीला सांग, पाच नंबर. तासाभरात क्लेमचा आला: बावीस. एवढं बोलून त्याने फोन ठेवला. आता पाठ एकच आणि ती सगळ्या मुलखाला दिसणार. कुठलाही आकडा काढला तरी एक मित्र तुटणार, आणि लायल हिबर्ड खोटारडा म्हणून उरलेला जन्म काढणार. गेले चार दिवस तो जेवणात मीठ नसलं तरी बोलत नव्हता, तेव्हाच ग्लेनिसने ताडलं. सगळं ऐकून घेतल्यावर ती इतकी हसली की तिला खुर्चीत बसावं लागलं.

"खरं सांगून टाक," डोळे पुसत ती म्हणाली. "मारून मारून किती मारतील?"

दुपार व्हायच्या आतच डार्सीची गाडी रुळांपाशी थांबली. शेजारी क्लेम होता. दोघं एका गाडीतून आलेले बघून लायल क्रेनच्या बाजूला सरकला. दोघांनी इस्त्रीचे शर्ट घातले होते, डार्सीने तर केस चापूनचोपून बसवले होते. दोघं कुंपणाला टेकून उभे राहिले आणि कंत्राटदाराचं काम तपासावं तसं चित्र निरखायला लागले.

डार्सी म्हणाला, खालचा गडी मोठा देखणा काढलाय. क्लेम म्हणाला, रुंद आहे. डार्सी म्हणाला, अशा खांद्यांना पाच नंबर शोभून दिसतो. क्लेमने घसा खाकरला. लायल चहाचा थर्मास उघडायला लागला, झाकण त्याच्या हातातून सुटून रुळांकडे घरंगळत गेलं, आणि ते आणायला तो जरा जास्तच लांबपर्यंत चालत गेला.

परत आला तेव्हा टॅमसिन पाळण्यात चढून बसली होती.

"बोला," ती म्हणाली. "वर गेल्यावर मला ऐकू येत नाही."

लायलने टोपी काढली, पुन्हा घातली. मित्र समोर उभे होते, दोघंही त्याच्याच तोंडाकडे बघत होते. त्याने ठरवलं, सांगून टाकू या. ग्लेनिस म्हणते तेच बरोबर. त्याने तोंड उघडलं, आणि तेवढ्यात मागे गाडीचं दार वाजलं.

व्हर्ना पोल्नर आली होती. एर्नीची बायको. हातात केकचा डबा, अंगात चर्चला जायचा कोट. ती डबा सांभाळत सांभाळत खडीवरून त्यांच्यापाशी आली, आणि कपाळावर हात धरून चित्राकडे बघत राहिली. बराच वेळ. तिचे ओठ हलत होते.

"केवढं मोठं काढलंय गं पोरी," शेवटी ती म्हणाली. मग लायलकडे वळली. "मी त्याच्यावर विश्वासच ठेवला नव्हता बघ. एर्नी म्हणायचा, लायलने स्वतः सांगितलं, तो मीच. मी म्हणायचे, गोळ्यांचा परिणाम आहे, झोप. आणि आता बघा." ती पुन्हा वर बघायला लागली. डोळे बारीक केले, चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "माझी नजर गेली की काय कोण जाणे. त्याचा एकोणीस नंबर कुठे लिहिलाय ते दिसेना."

लायलच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. एर्नी, डार्सी, क्लेम, तिघांची तोंडं त्याच्यापुढे एकदम उभी राहिली. डार्सीकडे बघायची त्याला छाती होईना. डार्सी मात्र त्याच्याकडे बघतच होता. भुवया वर चढवून, अगदी सावकाश, त्याने मनातल्या मनात एक बेरीज पुरी केली. मग कुंपणावरून हात काढला.

"नजर ठीक आहे तुझी, व्हर्ना," तो म्हणाला. "अजून काढलाच नाहीये. तुझीच वाट बघत होतो." आणि पाळण्याकडे तोंड करून ओरडला, "एकोणीस, पोरी. चांगला ठसठशीत काढ."

टॅमसिनने लायलकडे पाहिलं. लायलला मान हलवायचं भान नव्हतं.

"मी बाजूलाच होतो," क्लेम म्हणाला. त्याने टोपी काढून छातीशी धरली होती. "एर्नीच होता. मला स्वच्छ दिसलं."

क्लेमच्या तोंडून सलग तीन वाक्यं टलिबकमध्येही कुणी ऐकली नव्हती. पाळणा वर गेला.

आधी एक झाला, मग नऊचं पोट, मग शेपूट. व्हर्ना उभ्यानेच बघत राहिली. ग्लेनिस गावातून चालत आली आणि तिच्या शेजारी जाऊन तिचा हात धरून उभी राहिली. नऊ पुरा झाला तेव्हा व्हर्नाने डोळे टिपले आणि हसायलाच लागली. म्हणाली, मेला जन्मभर सांगत होता की खांदा दुखतो म्हणून कचरा बाहेर नेता येत नाही, आणि मी त्याला ढोंगी म्हणत होते. मग तिने डबा उघडला. आत साय आणि जॅम घातलेला जाडजूड स्पंज होता. पिकअपच्या फळीवर ती तो कापायला लागली.

लायलने डार्सीला बाहीला धरून गाडीमागे नेलं.

"डार्सी, मला तुला एक सांगायचंय. फार पूर्वीच सांगायला हवं होतं. मी तुला..."

"गप रे. ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"एर्नीला पोचवून आल्यावर आम्ही क्लबात बसलो होतो. क्लेमला चढली. उभा राहिला आणि म्हणाला, मी लायल हिबर्डची शिडी. माझ्या नाकातून बिअर आली." डार्सीला आठवूनसुद्धा हसू आवरेना. "तेव्हाच ठरवलं, तुझी फिरकी घ्यायची. दोघांनी फोन करायचे, दोघांनी इथे यायचं आणि तुला घाम फुटेपर्यंत हलायचं नाही. इस्त्री काय उगाच केली? क्लेमने तर नवीन शर्ट घेतला. आमच्या दोघांचं आम्हाला माहीत होतं. एर्नीचं आत्ता कळलं."

लायल गाडीच्या चाकाला टेकला. त्याला आधी हसावं की रडावं कळेना, मग त्याला हसूच यायला लागलं, आणि ते असं आलं की बरगड्या दुखायला लागल्या.

"म्हणजे तुला राग नाही?"

"कसला राग? पन्नास वर्षं मजेत काढली मी त्या खांद्यावर. बायकोला पटवली ती त्याच गोष्टीवर."

क्लेम केकचा तुकडा घेऊन त्यांच्यापाशी आला. लायलने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग आवाज उतरवून, व्हर्नाला ऐकू जाणार नाही असं, त्याने विचारलं,

"पण मग खरं सांगा ना रे. होता तरी कोण? मला नाही कळलं ते ठीक. पण ज्याच्या पाठीवर मी चढलो त्याला तर कळलंच असेल."

डार्सीने क्लेमकडे पाहिलं. क्लेमने खांदे उडवले.

"बूट सगळ्यांनाच लागले होते," डार्सी म्हणाला. "तुझे लागले की दुसऱ्या कुणाचे, ते कसं सांगणार? आम्ही काय तुझ्याकडे बघत होतो होय? आम्ही पण चेंडूकडेच बघत होतो, लेका."

क्लेमने तोंड भरलेलं असताना मान डोलावली आणि बोटावरची साय चाटली.