ओडेलकाकांची पाठ

ओडेल टगल यांची पाठ व्हर्लीनकडे ढिगाने होती. फोटोत पाठ, व्हिडिओत पाठ, गॅलिस लावलेली, घामाने भिजलेली पाठ. टेट काउंटीतले गिटारवर ब्लूज वाजवणारे सगळे म्हातारे तिने आपल्या फिल्मसाठी मागे लागून लागून कॅमेऱ्यात टिपले होते. त्यातले बरेचसे आता गेलेही होते. उरले होते ओडेलकाका. गप्पा हाणायला ते तासन्‌तास कॅमेऱ्यासमोर बसत. पण त्यांचं ते खास गाणं आलं की खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करत.

जुन्या लोकांची रीतच ती. तारा कशा लावल्यात, बोटं कुठे पडतात, हे बघून कुणी उचलायला नको. वाजवून झालं की तारा ढिल्या करूनच गिटार खाली ठेवायची. नुसतं ऐकून ते गाणं बसवायला गेलेल्या भल्याभल्यांनी हात टेकले होते. काकांबरोबर ते जाणार हे व्हर्लीनला दिसत होतं आणि त्या विचाराने तिला चैन पडत नव्हती.

"काका, आता कोण चोरणार? चोरणारे सगळे चर्चमागे मातीत झोपलेत."

"मग घाई कसली? मीही तिकडेच निघालोय."

"अगं, मलासुद्धा नाही दाखवलं कधी," मासे तळता तळता आयडेलाकाकू स्वयंपाकघरातून ओरडल्या. "जेवायचं असलं की तेवढं तोंड करतात माझ्याकडे!"

त्या दुपारीही काकांनी पाठ फिरवली आणि व्हर्लीनने मुकाट्याने पाठ टिपली. नेहमीसारखंच मध्ये मध्ये ते गुणगुणले. हल्ली त्यांच्या या गुणगुणण्याचं लोक फार कौतुक करत.

दुसऱ्या दिवशी घरी व्हिडिओ बघताना ती ताडकन उठली. काकांच्या समोर टीव्ही होता, बंद. त्याच्या काळ्या काचेत त्यांचा तारा दाबणारा डावा हात दिसत होता, अगदी स्पष्ट. एवढ्या वर्षांनी घबाड हाती लागलं! तिने आनंदाने टाळीच वाजवली. मग नीट बघितलं.

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट हलतच नव्हतं. दोन्ही बोटं तळहाताकडे वळून मेल्यासारखी पडली होती. जिथे ती पोचायला हवीत, तिथे काका तो सूर तोंडाने गुणगुणत होते. काका आता चोरांपासून काही लपवत नव्हते. ते हे लपवत होते.

दोन दिवस ती स्वतःवरच चिडत राहिली. गप्प बसून हा तुकडा फिल्ममध्ये घातला असता तर लोकांनी डोक्यावर घेतला असता. पण माणसाने पाठ फिरवल्यावर त्याच्या पुढ्यात डोकावायचं, याला चोरीशिवाय दुसरं नाव नाही. तिसऱ्या दिवशी तिने लॅपटॉप आणि नेहमीची कॅमेऱ्याची पिशवी उचलली आणि काकांचं घर गाठलं.

काकांनी शेवटपर्यंत बघितलं.

"टीव्हीवर चादर टाकायला हवी होती," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, "आयडेलाला सांगू नकोस."

"आयडेलाला ठाऊक आहे!" आतून आवाज आला. "शर्टाची बटणं कोण लावतं तुमची?"

काका हसायला गेले, पण त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. व्हर्लीनलाही आवरेना.

"पुसून टाकते, काका. तुमच्यासमोर, आत्ता." तिने पुसलं. दुसरी प्रत नव्हती.

काकांनी गिटार मांडीवर घेतली. व्हर्लीन सवयीने भिंतीची बाजू मोकळी करायला उठली.

"बस खाली. यंत्र लाव तुझं."

ते तिच्याकडे तोंड करूनच बसले. एकेक तार पिळून, छेडून, मोठ्याने सांगून त्यांनी लावली. जाड तार इतकी खाली, तिच्या शेजारची तिच्याशी जुळवून. मग वाजवू लागले, अगदी सावकाश. गुणगुणले मात्र नाहीत. गाणं मधूनच अडखळायचं, भोक पडल्यासारखं तुटायचं. तसं झालं की ते थांबत आणि उजव्या हाताने डाव्या हाताचं बोट उचलून तारेवर नेऊन ठेवत.

"दिसलं? इथे करंगळी. माझी नाही जात आता. पण जागा हीच. लिही, नाहीतर चित्र काढ, काय करायचं ते कर." त्यांनी पुढचं बोट उचललं. "आणि हे इथे. जवळ ये, पोरी, असं लांबून नाही कळायचं."