कमी केलेला ट्रेबल

गिटारचा आवाज पांघरुणाखालून आल्यासारखा येत होता. मास्तरांनी पुन्हा एकदा तार छेडली, पुन्हा तेच. हॉलमध्ये अजून खुर्च्या मांडायचं काम चाललं होतं. संध्याकाळी एका कंपनीचा वार्षिक कार्यक्रम होता आणि स्टेजवर बँडची माणसं आपापल्या वायरी जोडत बसली होती. मास्तर गुडघ्यावर बसले आणि पायाशी ठेवलेल्या प्रोसेसरच्या छोट्या पडद्यात डोळे घालून बघू लागले. सगळे आकडे जागच्या जागी होते. ट्रेबल, म्हणजे वरच्या सुरांचा जोर, जिथं ठेवला होता तिथंच. आवाज मात्र जागेवर नव्हता.

त्यांनी मान वर केली, तर समोरून प्रिंटर त्यांच्याकडेच बघत होता. नजरानजर झाली तसा तो घाईघाईनं आपल्या गिटारची खुंटी पिळायला लागला. मास्तरांच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा.

प्रिंटर म्हणजे बँडमधला दुसरा गिटारवाला. दिवसा तो प्रिंटर दुरुस्तीच्या दुकानात काम करायचा, म्हणून हे नाव. बँड होता मास्तरांच्या थोरल्या बहिणीचा. ताई गायची, कामं मिळवायची, भांडणं मिटवायची आणि लावायचीही. मास्तर पहिल्यापासून तिच्या उजव्या हाताला उभे राहत आले होते. वर्षभरापूर्वी त्यांनी घरातल्या तीन गिटारी आणि कपाटाएवढा जुना अँप्लिफायर विकून ही नवी मॉडेलिंग गिटार घेतली. तिच्या पोटात एक छोटा कॉम्प्युटरच होता. बटण फिरवलं की तीच गिटार बारा तारांची व्हायची, आणखी फिरवलं की लाकडी पोकळ गिटारीसारखी घुमायची. सोबत जमिनीवर ठेवायचा प्रोसेसर. तो अँप्लिफायरचीही नक्कल करायचा, घुमाराही द्यायचा, प्रतिध्वनीही. एकेका गाण्यासाठी एकेक आवाज बनवून त्यात साठवायचा, मग कार्यक्रमात पायानं कळ दाबली की झालं. मास्तरांनी हे आवाज बनवायला महिनोन् महिने घालवले होते. बायको म्हणायची, "लग्न ठरल्यावर माझ्याकडेसुद्धा इतकं निरखून बघितलं नव्हतंत."

त्या संध्याकाळी मास्तरांनी सगळ्या गाण्यांचा ट्रेबल आणखी वर चढवला आणि कार्यक्रम निभावला. दुसऱ्या दिवशी ताईला गाठलं.

"ताई, माझ्या सेटिंगला कुणीतरी हात लावतंय."

ताई मायक्रोफोनची वायर गुंडाळत होती. ती वर न बघताच म्हणाली, "अरे, अपडेट-बिपडेट झालं असेल. त्या डब्यांचं काय सांगावं."

"अपडेट मी केलंच नाही."

"मग हॉल तसा असेल. पडदे जाड होते."

ताईला पडदे कधीपासून दिसायला लागले? उभ्या आयुष्यात तिनं प्रेक्षक सोडून काही बघितलं नव्हतं. डाळीत काहीतरी काळं आहे एवढं मास्तरांना कळलं.

तालमीची खोली फर्निचरच्या गोदामामागे होती. भिंतींना फोम चिकटवलेला, कोपऱ्यात ड्रम, आणि एका फळीवर सगळ्यांचं सामान. किल्ली ताईकडे आणि प्रिंटरकडे. मास्तर एका दुपारी ताईची किल्ली मागून एकटेच तिथं गेले. लॅपटॉप जोडला आणि प्रोसेसरचा एकेक कोपरा धुंडाळायला बसले. गाण्यांच्या आवाजांत काही सापडेना. शेवटी ते मुख्य सेटिंगमध्ये शिरले. तिथं एरवी कुणी फिरकत नाही. अख्ख्या यंत्रातून बाहेर पडणाऱ्या आवाजावर तिथून एकच चाळणी लावता येते. आणि तिथं ती लावलेली होती. वरचे, टोकदार सूर सफाईनं छाटले होते, त्यांच्याबरोबर मधल्या सुरांची वरची कडही गेली होती. गाण्यागाण्यांतले आकडे तसेच ठेवून, दारातच पहारा बसवल्यासारखं.

हे आपोआप होणारं काम नव्हतं. आणि बँडमध्ये एवढी अक्कल एकाच माणसाला होती.

मास्तरांनी चाळणी काढली, प्रोसेसर पेटीत घातला, पेटीला कुलूप लावलं आणि ती घरी घेऊन आले.

त्यानंतर त्यांना सगळीकडे तेच दिसायला लागलं. प्रिंटर ताईशी हळू आवाजात बोलायचा आणि मास्तर जवळ गेले की दोघं हवापाण्यावर यायचे. एका गाण्यात ताईनं मधला गिटारचा तुकडा प्रिंटरला दिला. "तुला जरा विश्रांती," म्हणाली. कुणी मागितली होती विश्रांती? मास्तरांच्या डोक्यात हिशेब पक्का झाला: आधी माझा आवाज मारायचा, मग म्हणायचं मास्तरांत आता पूर्वीची मजा राहिली नाही, आणि माझ्या जागी हा उभा.

पुढच्या कार्यक्रमाच्या आधी ते वायर आणायला गाडीकडे गेले होते. परत येऊन बघतात, तर प्रिंटर त्यांच्या प्रोसेसरपाशी ओणवा.

"रंगेहाथ!" मास्तर एवढ्या मोठ्यानं ओरडले की ड्रमवाल्याच्या हातून काठी पडली. "हात काढ आधी तिथून!"

प्रिंटर सावकाश उभा राहिला. त्याच्या हातात प्लगचं टोक होतं. "सैल झाला होता. कोणाच्या पायात येऊन निसटला असता."

"आणि आतली चाळणी? तीही सैल झाली होती?"

प्रिंटरनं ताईकडे बघितलं. ताईनं खाली बघितलं.

"बोल ना! तूच लावली होतीस की नाही?"

"लावली होती," प्रिंटर म्हणाला.

मास्तरांना वाटलं होतं तो नाकारेल, आढेवेढे घेईल. हे सरळ उत्तर ऐकून त्यांना पुढचं वाक्यच सुचेना. मग सुचली ती एकापाठोपाठ दहा. कुंपणच शेत खायला लागलं, ज्या पानात जेवतोस त्यातच, आणि आणखीही बरंच. प्रिंटरनं ऐकून घेतलं, गिटार पिशवीत घातली, चेन ओढली.

"बरंय मास्तर. माझ्या कानांनाही सुट्टी मिळेल," एवढं म्हणून तो निघून गेला.

ताई त्या रात्री मास्तरांशी एक शब्द बोलली नाही. कार्यक्रम कसाबसा पार पडला. मास्तर मात्र जिंकल्यासारखे घरी आले. काटा निघाला होता.

पुढच्या रविवारी त्यांनी घरी प्रोसेसर उघडला, सगळं नीट लावलं, पेटी बंद करून किल्ली टेबलाच्या खणात टाकली आणि गिटारची शिकवणी घ्यायला गेले. संध्याकाळी एका शाळेच्या स्टेजवर गिटार जोडली, आणि आवाज पुन्हा पांघरुणाखाली गेलेला. त्यांनी मुख्य सेटिंग उघडलं. चाळणी होती.

प्रिंटर नव्हता. कुलूप शाबूत होतं. पेटी घराबाहेर गेली नव्हती. घरात माणसं दोन: एक ते आणि दुसरी त्यांची बायको.

बायकोला संगीताचं वावडं नव्हतं, पण यंत्राशी तिचा संबंध धूळ पुसण्यापुरता. तरी आता एकेक गोष्ट आठवायला लागली. अलीकडे ती फोन घेऊन बाल्कनीत जायची. ते आले की "बरं, ठेवते," म्हणायची. एकदा त्यांनी विचारलं होतं, कोण? तर म्हणाली, बहीण. तिची बहीण तर फोन उचलण्याआधीच बोलायला लागते, तिच्याशी एवढ्या थोडक्यात कधीपासून आटपायला लागलं?

मास्तरांनी कुणाला काही सांगितलं नाही. दोन दिवस ते घरात पाहुण्यासारखे वावरले. बायकोनं चहा दिला की कपाकडे आधी बघायचे, मग तिच्याकडे.

"काय बघताय?" तिनं विचारलं.

"काही नाही."

तिसऱ्या दिवशी ते नेहमीप्रमाणे शिकवणीसाठी निघाले, कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत गेले आणि तिथूनच मागे फिरले. चप्पल हातात घेऊन जिना चढले. तिसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यानं त्यांना तसं बघितलं आणि सभ्यपणे दार लावून घेतलं. मास्तरांनी आपल्या दाराला किल्ली लावली, हलकेच ढकललं.

आतल्या खोलीतून पुरुषाचा आवाज येत होता.

"अजून थोडं खाली घ्या, वहिनी. हां. आता सेव्ह करा. वरची डावीकडची खूण."

प्रिंटरचा आवाज. बायको काहीतरी म्हणाली, ते मास्तरांना कळलं नाही. ती अलीकडे फार पुटपुटायची. ते दारात जाऊन उभे राहिले. ती जमिनीवर मांडी घालून बसली होती. मांडीवर लॅपटॉप, समोर उघडी पेटी, कानावर त्यांचे हेडफोन अर्धे सरकवलेले, आणि बाजूला फोन.

"वा!" मास्तर म्हणाले. "शिकवणी घरीच चालू आहे तर."

बायको दचकली. पण त्यांना वाटलं होतं तशी घाबरली नाही. तिनं फोनला "नंतर बोलते" म्हटलं, हेडफोन काढले आणि थकल्यासारखी त्यांच्याकडे बघत राहिली.

"बसा," ती म्हणाली.

"बसायला आलो नाही मी. कधीपासून चाललंय हे? त्याला मी बाहेर काढला, तर तो फोनवरून घरात शिरला! आणि तू त्याला दार उघडलंस!"

"अहो, जरा हळू. शेजारी ऐकतात."

"ऐकू देत!"

"त्यांना ऐकू येतं हो," ती म्हणाली. "तुम्हाला येत नाही."

मास्तरांना आधी हा टोमणाच वाटला. मग ती एकेक सांगायला लागली. दाराची घंटा बदलून तिनं मुद्दाम जाड आवाजाची आणली होती, कारण आधीचीला ते उठतच नसत. धुण्याच्या मशीनची पिपाणी वाजत राहायची आणि हे तिथंच बाजूला बसून पेपर वाचायचे. गिटारीचा आवाज महिन्यामागून महिने टोकदार होत गेला. ते ट्रेबल चढवत गेले, कारण तो त्यांना कमी कमी ऐकू यायला लागला. एका कार्यक्रमात पहिल्या रांगेतल्या बायका कानावर हात ठेवून उठून गेल्या. ताईला दोन ठिकाणांहून निरोप आला, तुमचा गिटारवाला बदला, मग बोलावू.

"ताई तुम्हाला बँडमधून काढून घरी बसवणारच होती," बायको म्हणाली. "त्या मुलानंच सांगितलं, बसवू नका, मी आवाज कापतो, त्यांना कळणार नाही. तुम्ही पेटी घरी आणलीत, मग त्यानं मला शिकवलं."

"म्हणजे सगळ्या गावाला माहीत, फक्त मला नाही."

"सांगितलं असतं, तर ऐकलं असतंत?"

मास्तरांचा मात्र विश्वास बसला नाही. इतके दिवस ज्यांनी पाठीमागून कारभार केला, त्यांनी आता पुढं येऊन सांगितलेलं खरं कशावरून? ही नवी गोष्टही तिघांनी मिळून रचलेली असेल. कानांच्या तपासणीला जायला ते तयार झाले, ते या सगळ्यांना खोटं पाडायला.

तपासणीची खोली कपाटाएवढी होती. आवाज आला की बटण दाबा, तपासणाऱ्या बाईंनी सांगितलं आणि त्या काचेपलीकडे जाऊन बसल्या. सुरुवातीला मास्तर पटापट बटण दाबत होते. मग बराच वेळ काही आलंच नाही. काचेतून त्यांना बाईंचा हात दिसत होता. ती बोटं कळा दाबत होती, थांबत होती, पुन्हा दाबत होती.

मास्तरांनी काचेवर टकटक केली. "बाई, तुमचं मशीन बंद पडलंय. वायर बघा, सैल असेल."

बाई आत आल्या. त्यांनी हेडफोन काढून आपल्या कानाला लावला, क्षणभर ऐकलं आणि परत त्यांच्या डोक्यावर ठेवला. "चालू आहे," त्या हळुवारपणे म्हणाल्या.

बाहेर बायको बसली होती. घरी जाताना रस्ता ओलांडायच्या वेळी तिनं त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला. पुढच्या चौकात तिनं पुन्हा धरला, तेव्हा राहू दिला.

चार-पाच दिवस मास्तर गिटारकडे फिरकले नाहीत. राग होताच, आणि तो नेमका कुणावर काढायचा हे ठरत नव्हतं. संशय खोटा निघाला असता, तर माफी मागून मोकळे झाले असते. पण तो खरा होता. हात लावणाऱ्यानं हात लावलाच होता. नुसतं कारण वेगळं निघालं होतं.

शेवटी ते प्रिंटरच्या दुकानात गेले. तो एका उघड्या यंत्रात कोपरापर्यंत हात घालून बसला होता, बोटं शाईनं काळी.

"मला विचारायचं होतंस," मास्तर म्हणाले.

"तुम्ही मारलं असतंत."

"तेही खरंय." मास्तर स्टुलावर टेकले. "माझ्यासाठी एवढं केलंस आणि वर मी..."

"तुमच्यासाठी कोण करतंय?" प्रिंटर खरोखरच वैतागून म्हणाला. "तुमचा स्पीकर माझ्या उजव्या कानाशी असतो मास्तर. मला अजून तीस वर्षं वाजवायचंय. मी माझा कान वाचवत होतो. आणि तुम्हाला बसवलं असतं तर तुमचे ते सगळे अवघड तुकडे माझ्या गळ्यात आले असते. मला झेपत नाहीत ते."

मास्तरांना आठवड्यात पहिल्यांदा हसू आलं. माफी त्यांनी मागितली, पण पुटपुटत, आणि प्रिंटरनं "काय म्हणालात?" म्हणून ती दोनदा वदवून घेतली.

रविवारी सकाळी तालमीच्या खोलीत ते दोघं बसले. चाळणी काढून टाकली आणि एकेका गाण्याचा आवाज पहिल्यापासून लावायला घेतला. मास्तर वाजवायचे, प्रिंटर लॅपटॉपवर बोट सरकवायचा. जाड सूर, मधले सूर यांवर मास्तर तावातावानं भांडले. तिथं त्यांचे कान अजून कुणालाही भारी होते. वरच्या सुरांची पाळी आली की मात्र गाडी अडायची.

"आता?"

"आता काय?"

"काही फरक?"

"काही नाही."

"मला आहे. आता छान आहे."

मास्तरांनी त्याच्या चेहऱ्याकडे टक लावून बघितलं. "चेष्टा करत नाहीस ना?"

"मास्तर, अजून एकवीस गाणी आहेत. प्रत्येकाला शपथ घेऊ का?"

ताई दाराशी उभी राहून ऐकत होती. मास्तरांनी तिच्याकडे बघितलं. तिनं मान डोलावली. मग त्यांनी बायकोकडे बघितलं. ती ड्रमवाल्याच्या स्टुलावर बसून पेपर वाचत होती. तिनं कानाला हात लावला नव्हता, कपाळाला आठी नव्हती. मास्तरांनी आणखी थोडा वेळ तिच्याकडे बघितलं आणि मग वाकून स्वतःच्या हातानं सेव्हची कळ दाबली.

"पुढचं लाव," ते म्हणाले.